संबंध आढळला नाही

“हे वाक्य परत वाचा,” तहसीलदार म्हणाले.

मी परत वाचलं. शाळेत धडा वाचतात तसं, खणखणीत. “‘संस्थेने तहसीलदारांवर सातत्याने दबाव आणला. त्याचा परिणाम म्हणून परित्यक्ता महिलांना नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतंत्र रेशनकार्ड मिळू लागले.’ पान नऊ. तर साहेब, मला एवढंच विचारायचंय, हे तुम्हाला मान्य आहे का?”

उमाकांत सोनटक्के यांनी हातातली बशी खाली ठेवली. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत हा माणूस नुसता फुलला होता. मी नुसतं विचारायचा अवकाश! नवऱ्याने टाकलेल्या बाईचं नाव त्याच्याच कार्डावर अडकून राहतं, ते कमी करायला त्याचीच सही लागते, आणि तो ती देत नाही. मग त्यांनी कसे नियम चाळले, तलाठ्याने पाच शेजाऱ्यांच्या साक्षीने पंचनामा केला तर तेवढ्यावर नाव कमी करता येईल हे त्यांना कसं सुचलं, आजवर एकतीस बायकांना कार्डं कशी मिळाली, सगळं रंगवून सांगत होते. मीही माना डोलावत लिहून घेत होते.

“हे छापलंय?”

“हो. संस्थेच्या गेल्या वर्षीच्या अहवालात.”

“आणि तुमचं हे मूल्यमापन, तेही छापणार?”

“वेबसाइटवर टाकतात. सगळ्यांना वाचता येतं,” मी अभिमानाने सांगितलं.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. महाराष्ट्र संपत येतो आणि दुकानांवर कानडी पाट्या दिसायला लागतात, तिकडचा दुष्काळी तालुका. नाव सांगत नाही, माणसांचीही बदललीत, सोनटक्के अजून पेन्शन खातायत. मी तेव्हा संस्थांचं मूल्यमापन करायची. म्हणजे असं, की एखादी संस्था म्हणते, आमच्या पाठपुराव्यामुळे सरकारी धोरण बदललं. तिला निधी देणाऱ्यांना खात्री हवी असते. मग माझ्यासारख्या कुणाला तरी पाठवतात, जा, बघून या, हे खरंच यांच्यामुळे झालं का आपोआपच व्हायचं होतं. चौदा वर्षं मी हेच करत होते आणि माझ्याइतकं काटेकोर कुणी नाही अशी माझी समजूत होती. संस्थेचा दावा अधिकाऱ्यासमोर वाचायचा आणि त्याचं म्हणणं घ्यायचं, ही माझी पद्धत. दोन्ही बाजू तपासायच्या. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सोनटक्क्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्यांच्याविरुद्धची तक्रार होती. पंचायत समितीच्या एका माजी सभापतीने केलेली. ‘सदर तहसीलदार हे एका महिला संस्थेच्या दबावाखाली बेकायदेशीररीत्या नावे कमी करीत आहेत, सबब सर्व एकतीस कार्डे रद्द करावीत.’

“शुक्रवारी प्रांतांसमोर सुनावणी आहे,” ते म्हणाले. “मी सांगणार होतो की असा काही दबाव नव्हता. मला खरंच तसं वाटत होतं. आता तुम्ही म्हणताय की संस्थेनेच ते छापून ठेवलंय.”

“साहेब, संस्थांच्या अहवालात असं लिहायची पद्धतच...”

“बत्तीस वर्षं नोकरी झाली माझी, मॅडम. एकदाच नियमाच्या बाहेर पाय टाकला. तो मी माझा मी टाकला असं मला वाटत होतं.” मग त्यांनी टेबलावरची सगळ्यात वरची फाइल उचलून बाजूच्या कपाटावर ठेवली. “सुनावणी होईपर्यंत आता एकही सही नाही. तुमच्या संस्थेला तसं सांगा.”

फाइलवरचं नाव मला उलटं दिसलं. मालन बंडगर.

संस्था म्हणजे पिठाच्या गिरणीमागची एक खोली. मी पोचले तेव्हा शेवंताक्का हिप्परकर, म्हणजे संस्थेची अध्यक्ष, सचिव आणि झाडलोट करणारी, सगळं एकच, भिंतीला टेकून चिंच फोडत बसली होती. साठीची बाई, हातभर हिरव्या बांगड्या, पायात टायरची चप्पल. तिला स्वतःला नवऱ्याने एकविसाव्या वर्षी टाकलेलं. शेजारी एक तिशीची बाई आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी.

“या मॅडम. झालं का सायबाशी बोलनं? ही मालन. आन ही हिची सुलोचना. पोरीच्या काळजाला भोक हाय. मिरजंला ऑपरेशन हाय, शनवारी भरती करायची. सरकारी योजनेतनं फुकट हुतंय, पन बाप त्येचं कार्ड देत न्हाई, पोरीचं नाव आईच्या कार्डावर पायजे. उद्या सही हुनार हाय बगा.”

मी सरळ सांगून टाकलं. काय वाचलं, ते काय म्हणाले, फाइल कुठे ठेवली, सगळं.

मला वाटलं अक्का ओरडेल. ती ओरडली नाही. हातातली चिंच तिने परातीत टाकली.

“तुमी वाचून दावलं?”

“पद्धत असते तशी.”

“सायबाला? त्येच्या तोंडावर?”

“अक्का, वाक्य तुमच्या अहवालातलं आहे! मी काय मनाने बनवलंय?”

“आमचंच हाय. पुन्याच्या एक बाई आलत्या, तुमच्यासारक्याच. त्या म्हनल्या, असं लिवल्याबिगर पैसं देनाऱ्याला पटत न्हाई. म्हनलं लिवा.” ती थांबली. “पैसं देनाऱ्याला वाटावं आमी क्येलं, आन सायबाला वाटावं त्यानं क्येलं. दोगांची गाठ कशाला पडतीया, असं वाटलं. मदी तुमी आला.”

मुलीच्या केसांतून फिरणारा मालनचा हात थांबला.

“सभापती कोण आहे?” मी विचारलं.

“माज्या नवऱ्याचा चुलता,” मालन म्हणाली. “त्यास्नी वाटतंय माजं कार्ड झालं की उद्या मी जमिनीत वाटा मागीन.”

मी माझी वही काढली. सवयच ती. म्हटलं, निदान खरं काय झालं ते तरी नीट कळू दे. “अक्का, तुम्ही निवेदन कधी दिलं होतं?”

“न्हाई दिलं.”

“मोर्चा?”

“न्हाई.”

“उपोषण, धरणं? एखादा फोटो तरी असेल?”

“फोटू कशाचा काडायचा, बसल्याचा?”

आणि मग मालननेच सांगितलं. दर सोमवारी तालुक्याचा बाजार. दहा-बारा बायका चिंचेची पोती घेऊन यायच्या आणि कचेरीच्या आवारात, साहेबांच्या खिडकीसमोरच्या कडुलिंबाखाली बसायच्या. चिंच फोडायच्या. साहेब आले की रामराम, गेले की रामराम. त्रेचाळीस सोमवार.

“पयल्यांदा सायेब बगतबी न्हवतं,” मालन म्हणाली. “मग एक दिस शिपायाला सांगून पान्याची घागर ठिवली. मग एकदा हुबं ऱ्हाऊन इचारलं, बाई, तुमचं काम काय हाय? अक्का म्हनली, काय न्हाई सायेब, सावलीला बसलोय.”

“अहो, पण का? चांगलं विचारत होते, तर सांगायचं ना!”

अक्का माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी दुसरीतली मुलगी आणि पाढा चुकलेय. “सांगितलं आसतं तर न्हाई म्हनलं आसतं. आन एकदा न्हाई म्हनल्याला मानूस मग त्येच धरून बसतंय, मॅडम. त्यापरीस त्येलाच शोदू द्या की. त्येनं कारकुनाला इचारलं, ह्या बाया कोन? कारकुनानं सांगितलं. मग कवातरी मला हाक मारून म्हनलं, शेवंताबाई, मला एक सुचलंय, पंचनाम्यावर नाव कमी करता यील. आमी म्हनलं, लई उपकार झालं सायेब. नारळ दिला.”

“म्हणजे पंचनाम्याची कल्पना त्यांचीच?”

“तलाठी आमच्यातल्या एकीच्या म्हायेरचा हाय. त्येच्या कानावर घातली हुती. कारकुनाच्याबी घातली हुती. सायबाच्या डोक्यात कवा ग्येली, ते सायबालाच ठावं.”

मी वही मिटली. मोजायचं काय आणि कशाने, मला समजेना. सगळं ऐकूनही वहीत काहीच न लिहिण्याची वेळ माझ्यावर आधी आली नव्हती. मुलगी झोपेत धाप लागल्यासारखी श्वास घेत होती. तिची नखं निळसर दिसत होती. मला एकदम फार लाज वाटली.

“आता काय करायचं, अक्का?”

“उद्या जाऊ सायबाकडं. तुमीबी या. ज्येनी सांडलं त्येनी पुसाया नगं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी कचेरीत गेलो. सोनटक्क्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. अक्का दारातच उभी राहिली, पदर डोक्यावरून घेऊन.

“सायेब, त्ये कागदावर खोटं लिवलंया. आमी लिवून देतो खोटं हाय म्हनून.”

“तुमच्या लिहून देण्याला काय अर्थ आहे, शेवंताबाई? सभापतीचा वकील म्हणेल, आता घाबरून फिरवलं.” ते चिडले होते, पण आवाज चढवत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “यांचा अर्थ आहे. या बाहेरच्या आहेत. यांनी स्वतंत्र तपासणी केली, आणि यांनी जर लिहिलं, की संस्थेचा दावा खरा नाही, या निर्णयाशी संस्थेचा संबंध नाही, तर पान नऊला काही किंमत राहत नाही. तुमचा तो कागद मी सुनावणीत ठेवू शकतो. पण मग तुमच्या छापील अहवालातही शब्दाला शब्द तेच आलं पाहिजे, मॅडम. इथे एक आणि वेबसाइटवर एक असं चालायचं नाही.”

“साहेब, मी खोटं लिहीत नाही,” मी म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं ते. “फार तर लिहीन, दबावाचा लेखी पुरावा मिळाला नाही.”

“म्हणजे तोंडी मिळाला, असं वकील म्हणेल.”

“मग मी काय...”

“मॅडम,” अक्का म्हणाली, “जरा भाईर या.”

व्हरांड्यात मालन खांबाला टेकून उभी होती. अक्काने मला तिच्यापासून दोन पावलं पलीकडे नेलं.

“तुमच्या लिवन्यानं संस्था बंद पडनार, व्हय का न्हाई?”

“हो. बंदच. निधी देणारे म्हणतील, यांनी खोटा दावा केला. दुसरंही कुणी तुम्हाला दारात उभं करणार नाही. अक्का, तीस वर्षांचं काम आहे तुमचं.”

“आन न्हाई लिवलं तर?”

मी मालनकडे बघितलं. उत्तर द्यायची गरज नव्हती.

“मग इचार कशाचा करताय?”

“पण ते खरं नाही ना! तुमच्यामुळेच झालंय हे!”

“आमच्यामुळं?” अक्काने खरोखरच विचारात पडल्यासारखं केलं. “मला तर ठावं न्हाई. इतकी वर्सं दुसऱ्या सायबांफुडंबी बसलोच की. कुनी पान्याची घागर ठिवली न्हाई. ह्येनं ठिवली. तुमी शिकल्याल्या हाईसा, तुमीच सांगा. निम्मं आमचं, निम्मं त्येचं, असं कापून दावता येतंय?”

मला नाही आलं दाखवता. चौदा वर्षं मी तेच तर करत होते, टक्केवारीसकट.

आम्ही आत गेलो. मी कागद मागितला. सोनटक्क्यांनी कोरा दिला आणि खुर्ची पुढे केली. मी लिहिलं, ‘संस्थेच्या अहवालातील पान नऊवरील दावा तपासला. तो निराधार आहे. सदर निर्णय तहसीलदारांनी स्वतःच्या विवेकाने घेतला. त्यात संस्थेचा...’ आणि पेन थांबलं.

“काईबी,” अक्का मागून म्हणाली. “काईबी संबंद न्हाई. लिवा.”

‘...कोणताही संबंध आढळला नाही.’ खाली सही, तारीख. सही माझीच वाटेना.

सोनटक्क्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग कपाटावरची फाइल काढली, धूळ नसतानाही हाताने पुसली आणि सही केली. टोपण लावून झाल्यावर त्यांनी वर न बघताच विचारलं, “शेवंताबाई, सोमवारी तुम्ही बायका येऊन बसायचात. मला वाटायचं सावलीला बसता.”

“सावलीलाच बसत हुतो, सायेब.”

त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. नंतर शिपायाला म्हणाले, यांना चहा सांग. मला धरून चौघांना.

शुक्रवारी प्रांतांनी तक्रार निकाली काढली. शनिवारी मुलगी मिरजेला भरती झाली आणि बुधवारी तिचं ऑपरेशन झालं. सभापती मात्र गप्प बसणारा नव्हता. त्याने वर अपील केलं, आणि त्याचा वकील माझा अहवाल वेबसाइटवर कधी येतो याचीच वाट बघत होता, असं सोनटक्क्यांनी मला फोन करून कळवलं. “एवढंसं काही सापडलं ना मॅडम, तरी एकतीस काय, मालनचं धरून बत्तीसही कार्डं जातील,” ते म्हणाले.

अहवालाच्या शेवटी निधी देणाऱ्यांचा एक तक्ता भरायचा असायचा. संस्थेचे कष्ट, संस्थेची पत, लोकांचा सहभाग. आणि सगळ्यात शेवटी, ‘धोरणबदलात संस्थेचा वाटा, दहापैकी.’ चार मार्क मिळाले तर निधी चालू राहायचा. मी चार दिवस तो तक्ता उघडून बसले होते. एकदा चार लिहिले, खोडले. मग दोन लिहिले. म्हटलं, दोनाने काय होतंय, निदान अगदीच मान खाली नको. पण सोनटक्क्यांचं ते ‘एवढंसं काही’ डोक्यातून जाईना. शेवटी शून्य घातलं आणि लगेच पाठवून दिलं, नाहीतर परत बदललं असतं.

तीन आठवड्यांनी संस्थेचा निधी बंद झाल्याचं पत्र निघालं. त्याच टपालाने मलाही एक पत्र आलं, ‘आपल्या निर्भीड आणि वस्तुनिष्ठ मूल्यमापनाबद्दल’ आभाराचं. ते मी फाडून टाकलं. माझा तो अहवाल त्यांनी पुढे नवशिक्यांच्या प्रशिक्षणात नमुना म्हणूनही वापरला.

पत्र गेलं त्याच आठवड्यात अक्काचा फोन आला.

“मॅडम, त्ये इंग्रजी पत्र आलं. खोली सोडतोय म्हैन्याअखेरीला. त्येचं काय न्हाई. मला निस्तं इचारायचं हुतं, किती मार्क पडलं आमास्नी?”

“अक्का, जाऊ दे ना.”

“आवं सांगा की! वकिलाच्या हाताला काय लागतंय का, ह्येची धास्ती हाय हितं. किती?”

“शून्य,” मी म्हटलं. “दहापैकी शून्य दिलंय मी तुम्हाला.”

मग तिने फोन बाजूला धरला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला, पण पूर्ण ताकदीने.

“अगं ये मालन! अगं पोरींनो! शून्य पडलं! मॅडमनी येक मार्कबी दिला न्हाई आपल्याला! आता कार्डाला हात लावाया कुनाचा बाप येत न्हाई!”

आणि मागून बायका ओरडायला लागल्या. कुणी टाळ्या पिटत होतं, कुणी हसत होतं, एक बारीक पोरीचा आवाजही होता, तोही ओरडत होता, न थांबता, धाप न लागता. मी पुण्यात टेबलाशी बसून ढसाढसा रडत होते, आणि अक्का परत परत विचारत होती, “ऐकू येतंय न्हवं, मॅडम? ऐकू येतंय न्हवं?”